ऑम्नी घेऊन कुलधऱ्याला: कामाच्या नोंदी, चुका आणि हळद

जुनी मारुती ऑम्नी व्हॅन काढून राजस्थान करायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय. गाडी २००६ ची, १५ वर्षं झाल्यावर पर्यावरण कर भरून परत पासिंग केलेली, ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली, चार गिअर, एसी नाही. जायचं कुलधऱ्याला, म्हणजे जैसलमेरपासून साधारण १८ किलोमीटरवरचं पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव. माणसं चार. मी, बायको, तिचा भाऊ आणि माझे मामा. मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत, मूळचे सांगलीच्या दुष्काळी आटपाडीकडचे, आणि त्यांच्या मते चार चाकांच्या कुठल्याही वस्तूला ते सोडून बाकी कोणीही हात लावू नये. मामांना घ्यायचं ठरलं नव्हतं, पण ट्रिपचं कानावर गेल्यावर ते पिशवी भरूनच आले.

३ नोव्हेंबर, रविवार

मागची सीट काढली. चार बोल्ट, त्यातला एक गंजलेला, त्या एकाला दोन तास आणि अर्धी बाटली गंजाचं तेल. मग झोपायला प्लाय टाकायचा म्हणून माप घेतलं. पहिली चूक इथंच झाली, पुढची सीट पूर्ण पुढं सरकवून माप घेतलं आणि ती सीट तशीच ठेवून गाडी चालवता येत नाही हे प्लाय कापून आणल्यावर कळलं. परत कापला, ५ फूट ४ इंच उरला. मेव्हणा ५ फूट ११. तो म्हणाला, "दाजी, पाय खिडकीतून बाहेर काढू का?" म्हटलं बघू.

प्लाय १९ एमएमचा घेतला, मजबूत पाहिजे म्हणून. नका घेऊ. १२ चा पुरतो, खाली दोन आडव्या पट्ट्या मारल्या की झालं. उगाच वजन वाढलं, ८०० च्या इंजिनला ते कळतं. खर्च २,३५०, त्यात कापायचे दोनदा धरून.

आणखी एक, स्टेपनी आम्ही प्लायखाली ठेवली. जागा वाचली म्हणून खूष होतो. पंक्चर झाल्यावर आधी सगळं सामान रस्त्यावर, मग गाद्या, मग प्लाय, मग स्टेपनी. हे तेव्हा कोणी बोललं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

सीट उचलून इंजिन उघडलं. फॅन बेल्ट, दोन्ही होस पाइप, क्लॅम्प, कूलंट, प्लग. मिळून १,९००. मामा आले, गुडघ्यावर बसून रेडिएटरकडं बघत राहिले. खालच्या कोपऱ्यात हिरवट पांढरा थर होता, बोटानं खरवडला तर खाली ओलसर. मेकॅनिक म्हणाला रेडिएटर काढून रॉडिंग (आतल्या नळ्या साफ) करून घ्या, १,२०० होतील, गाडी दोन दिवस राहील. मी म्हटलं आल्यावर करू.

२४ नोव्हेंबर, रविवार

टेस्ट घेतली. पुणे, दिवेघाट, सासवड आणि परत. सकाळी सहाला, थंडीत, गाडीत मी एकटा. इंजिनच्या तापमानाचा काटा घाटात थोडा वर गेला आणि खाली आला. मी ठरवलं की थर्मोस्टॅट व्हॉल्व (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडं सोडतो तो) गेलाय, नवीन टाकला, ४५० रुपये. पुढच्या वेळी काटा तेवढाच वर गेला पण आता मी त्याला नॉर्मल म्हणायला लागलो होतो.

टेस्ट घ्यायची तर भर दुपारी, चार माणसं आणि सगळं सामान भरून घ्या. रिकाम्या गाडीनं दिलेला निकाल लग्नाच्या बायोडेटासारखा असतो.

१५ डिसेंबर, रविवार

सामान. पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन, एक पिण्याचा एक रेडिएटरचा, दोन्ही सेम निळे. बायकोनं एकावर मार्करनं 'माणसं' आणि दुसऱ्यावर 'गाडी' लिहिलं. टोचनाचा दोर, पायानं मारायचा पंप, पाने, पक्कड, वायरचं वेटोळं. आईनं धपाटी, शेंगदाण्याची चटणी, आणि "तिकडं भात मिळत नाही" म्हणून तीन किलो तांदूळ. स्टोव्ह आणि मसाल्याचा डबा अर्थात आलाच. तो डबा पुढं स्पेअर पार्ट म्हणून वापरला गेला.

२१ डिसेंबर, शनिवार. पुणे ते अहमदाबाद

पहाटे चारला निघणार होतो. निघालो ४:५० ला, कारण मामा गाडी हलवेनात. स्टिअरिंगवर बसलेत, गाडी सुरू, सगळे आत, आणि मामा आरशात बघत नुसते बसलेत. दोन मिनिटांनी मेव्हण्यानं विचारलं काय झालं, तर म्हणाले, "बेल कुठाय?" तीस वर्षांची सवय. मग मेव्हण्यानं टपावर दोनदा थाप मारली, टण टण, आणि गाडी सुटली. त्या दिवसापासून हा नियमच झाला, दोन थापा म्हणजे चला, एक थाप म्हणजे थांबा. नियम नीट लक्षात ठेवा, आम्हाला तो महागात पडला.

एक्सप्रेसवे उतरलो तोवर छान, मग घोडबंदर रोडला २ तास १० मिनिटं. गाडी रांगत होती पण काटा मधोमध, मी मनातल्या मनात १,२०० रुपये वाचवल्याचा हिशोब करत होतो. पुढं वापी, सुरत, भरूच. वेग ६५ ते ७०, त्याच्यावर गेलं की सरकत्या दाराचा खुळखुळाट एवढा होतो की बोलणं बंद. प्रत्येक चहाला मामा खाली उतरताना "गाडी दहा मिनिटं थांबेल" म्हणतात आणि बरोबर दहाव्या मिनिटाला हॉर्न मारतात. बायको सुरतेच्या पुढं बाथरूमला गेली होती तेव्हा पण मारला. त्यानंतर बडोद्यापर्यंत गाडीत शांतता होती.

अहमदाबादच्या बाहेर रात्री साडेनऊ. सुमारे ६६० किलोमीटरला पावणेसतरा तास. मामा आणि मेव्हणा गाडीत झोपले, आम्ही दोघं लॉजवर. मेव्हण्याचे पाय खरंच खिडकीतून बाहेर होते, सकाळी एक कुत्रं मोजे हुंगत होतं.

२२ डिसेंबर, रविवार. अहमदाबाद ते बाडमेर

मेहसाणा, पालनपूर, डीसा, धानेरा. गुजरातमध्ये पेट्रोल तेव्हा आपल्यापेक्षा नऊ-दहा रुपयांनी स्वस्त होतं, राजस्थानात परत महाग, म्हणून हद्द ओलांडायच्या आधी टाकी फुल्ल करा. आम्ही केली. दिवसातला हा शेवटचा शहाणपणा.

सांचोरच्या पुढं ३० एक किलोमीटरवर मेव्हणा म्हणाला, "दाजी, पाय ओले का लागतायत?" काटा लाल पट्ट्याला टेकलेला. बाजूला घेतली. तोच खालचा कोपरा, केसाएवढी चीर, त्यातून पाण्याची पिचकारी. दोन्ही बाजूला बोरी-बाभळी आणि वाळू, मागचं गाव ९ किलोमीटर, पुढचं माहीत नाही.

मामा म्हणाले, "हळद काढ." मला वाटलं भाजलं की काय. तर नाही, रेडिएटरला. ही जुनी ड्रायव्हर लोकांची युक्ती आहे, बारीक लीक असेल तर हळदीची पूड पाण्याबरोबर त्या भोकात जाऊन बसते आणि फुगते. पद्धत अशी, गाडी बंद करून किमान अर्धा तास थांबायचं, झाकण गरम असताना उघडलं तर तोंड भाजतं, मग जाड फडकं टाकून हळूहळू सोडायचं. कोमट पाण्यात दोन चमचे हळद नीट कालवून ओतायची, झाकण लावायचं, दहा मिनिटं रिकामी चालवायची.

मामांनी दोन चमचे सांगितले. मी विचार केला एवढी मोठी चीर, दोन चमच्यांनी काय होतंय, आणि अख्खी १०० ग्रॅमची पिशवी घातली.

लीक थांबली. अगदी पूर्ण थांबली. आम्ही टाळ्या वाजवल्या, बायकोनं गाडीला कुंकू पण लावलं, म्हणाली हळद तर लागलीच आहे. पण पाणी फिरायच्या नळ्याही अर्ध्या तुंबल्या, हे वीस किलोमीटरनं कळलं. काटा परत वर आणि रेडिएटरचा पंखा सुरूच होईना. पाणी तापलं की पंखा लावणारा थर्मो स्विच त्या गाळात अडकला असणार असा मामांचा अंदाज. मग बाडमेरच्या अलीकडं एका गावात हार्डवेअरच्या दुकानातून घरातल्या ट्यूबलाइटचा असतो तो पांढरा स्विच घेतला, ३० रुपये, बॅटरीवरून वायर, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज (हा मामांचा हट्ट, बरोबर होता), तिथून पंख्याला. स्विच डॅशबोर्डवर डबल टेपनं चिकटवला. मेव्हण्यानं पेनानं त्यावर लिहिलं 'पंखा'. लावला की घूं करून पंखा सुरू, काटा खाली. सगळे खूष.

आता जी चूक आहे ती ठळक लिहितो. वायर डायरेक्ट बॅटरीवरून घेऊ नका. इग्निशनवरून घ्या, मध्ये रिले (चावीच्या वायरवर चालणारा आपोआप स्विच) टाका, म्हणजे चावी काढली की पंखा बंद. आमचा चावी खिशात असली तरी चालू राहणार होता. हे मला तेव्हाही माहीत होतं. रिलेसाठी दुसऱ्या दुकानात जायचा कंटाळा केला.

२३ डिसेंबर, सोमवार. वाळू

बाडमेर ते जैसलमेर दीडशे किलोमीटर, रस्ता असा सरळ की मामांना झोप यायला लागली, म्हणाले एसटीत निदान माणसं भांडतात तरी. दुपारी मेव्हण्यानं फोनच्या नकाशावर डावीकडून एक वाट शोधली, जैसलमेरला न जाता थेट कुलधऱ्याकडं, वीस किलोमीटर कमी. मामा नको म्हणाले. बायको नको म्हणाली. मी म्हटलं जाऊन तर बघू.

चार किलोमीटर खडी होती, कडक जमीन, मस्त. मग रस्ता पिवळा झाला. मामांनी ब्रेक मारला, तो मारायला नको होता पण समोर बकऱ्या होत्या. गाडी थांबली आणि परत सुटताना मागची चाकं नुसती फिरली. ऑम्नीला जोर मागच्या चाकांना असतो, मी अॅक्सिलेटर द्या द्या म्हणत होतो आणि दर वेळी गाडी चार बोटं खाली. पाचव्यांदा डिफरन्शिअल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला लोखंडी गोळा, वाळूवर टेकलं.

बकऱ्यांचा मालक आला, एक म्हातारे बाबा, आणि शांतपणे बसून बघायला लागले. मामांनी हिंदी काढलं. "बाबा, इधर ट्रॅक्टर किधर मिळेगा?" बाबा म्हणाले ट्रॅक्टर लग्नाला गेलाय. उंट आहे, पाचशे रुपये. मामा म्हणाले, "तीस वर्षं एसटी चालवली, कधी बैल लावला नाही, आता उंट लावू?" अर्ध्या तासानं लावला. उंटानं एकदा ओढ खाल्ली, दोर ताणला, मागं वळून आमच्याकडं असं बघितलं की मी नजर खाली घातली, आणि तो बसला. परत उठला नाही. पाचशे गेले.

शेवटी काय चाललं ते लिहितो. पहिलं, सगळं सामान खाली. दुसरं, मागच्या चाकांची हवा निम्म्याहून कमी केली, टायर चपटा होऊन पसरला पाहिजे. तिसरं, चाकांपुढची वाळू परातीनं काढून उतार केला, आणि हा उतार लांब पाहिजे, एक हात पुरत नाही. चौथं, प्लाय काढून मधोमध मोडला (पायानं, मेव्हण्यानं, त्याला त्या प्लायचा राग होताच) आणि दोन तुकडे दोन चाकांखाली घातले. मग दुसऱ्या गिअरमध्ये, अजिबात घाई न करता, क्लच अलगद. निघाली. ३ तास ४० मिनिटं. प्लायचा एक तुकडा मागं उडून तांदळाच्या पिशवीवर पडला, पिशवी फुटली आणि बकऱ्यांनी आईचे तांदूळ खाल्ले. बाबांनी आमच्याकडनं चहा घेतला आणि जाताना सांगितलं की पुढं अजून वाळू आहे, मागं फिरा.

पायपंपाचा वॉशर गेलेला निघाला, त्यामुळं चपट्या चाकांवर २० च्या वेगानं डांबरी रस्त्यावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत. जैसलमेरला पोचलो रात्री नऊला. नाताळची गर्दी, खोल्यांचे भाव दुप्पट. प्लाय मोडल्यामुळं आता चौघांनाही खोली लागणार होती, हा त्यातला छुपा खर्च.

२४ डिसेंबर, मंगळवार. कुलधरा

सकाळी शहरात सालिमसिंगची हवेली बघितली, कारण कुलधऱ्याच्या गोष्टीतला व्हिलन तोच. वर मोराच्या आकाराचे सज्जे आहेत, सुरेख. जैसलमेरचा दिवाण होता, गोष्ट अशी सांगतात की त्याची नजर गावातल्या मुलीवर पडली, म्हणून पालीवालांच्या ८४ गावांनी एका रात्रीत घरं सोडली आणि जाताना शाप दिला की इथं परत कोणी वसणार नाही.

दुपारी तीनला कुलधरा. सम नावाच्या वाळूच्या टेकड्यांकडं जाणाऱ्या रोडवरून डावीकडं, सगळीकडं पवनचक्क्या. माणशी आणि गाडीचं वेगळं तिकीट, किरकोळ आहे. गाडी आत नेता येते. एका भिंतीच्या सावलीत लावली. इंजिन तापलेलं होतं म्हणून मी म्हटलं पंखा पाच मिनिटं चालू राहू दे, गार झालं की बंद करतो. चावी काढली. आणि आम्ही फिरायला गेलो.

गाव मला वाटलं होतं त्यापेक्षा फार शिस्तीचं निघालं. सरळ लांब रस्ते, त्यांना कापणाऱ्या बोळी, ४०० च्या वर घरांचे अवशेष, पिवळसर दगड, छपरं पडलेली. मध्ये देवीचं देऊळ. एक-दोन घरं परत बांधून दाखवलीत, त्यांच्या गच्चीवरून सगळं दिसतं. एका घराच्या उंबऱ्याशी दगडात गोल खळगा होता, बायको म्हणाली दाराचा खालचा खुंट इथं फिरत असणार. तिनं बोट घातलं तर आत गुळगुळीत. दार नाही, चौकट नाही, खळगा तेवढा राहिलाय.

शेजारी एक गाइड पंधरा वीस जणांना शापाची गोष्ट सांगत होता, एका रात्रीत ८४ गावं वगैरे. बायकोनं येताना वाचून ठेवलं होतं, ती मला हळूच म्हणाली, "१८९० साली इथं ३७ माणसं राहत होती अशी नोंद आहे. सगळे एका रात्रीत गेले तर हे ३७ कोण?" बायको बँकेत आहे, तिला बेरीज न लागणारी गोष्ट सहन होत नाही. १८१५ च्या आसपासच बऱ्याच विहिरी आटल्या होत्या, आणि २०१७ मध्ये काही भूशास्त्रज्ञांनी पडलेली छपरं आणि खांब बघून भूकंपाची शक्यता मांडली, हेही तिनंच सांगितलं.

मामा हे ऐकत नव्हते. ते गावाच्या कडेला काकणी नदीच्या कोरड्या पात्राकडं बघत उभे होते. पालीवाल लोक खडीन करायचे, म्हणजे खडकाळ उताराच्या खालच्या बाजूला मातीचा लांब बांध घालून पावसाचं वाहून येणारं पाणी अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. मामा म्हणाले, "ही आपली ताल आहे की." आमच्याकडं शेताला घालतात तीच. मग म्हणाले, "ह्याला शाप कशाला पायजे? विहीर आटली की माणूस जातंय. आमच्याकडची निम्मी गावं मुंबईला गेली, त्यांना कुणी शाप दिलावता? आमच्याकडं टँकर होता." आणि पुढं निघाले, त्यांना चहा पाहिजे होता.

साडेपाच झाले. ऊन तिरपं, सावल्या बोळीत लांब. गर्दी पांगत होती. तेवढ्यात बायको थांबली, म्हणाली ऐक. भिंतींच्या पलीकडून एक आवाज येत होता, घूंऽऽऽ, सलग, खोल, माणसाचा नाही वाऱ्याचा नाही. आधी पवनचक्की वाटली, पण ती लांब. मेव्हण्यानं माझा दंड धरला. तिकडं गाइडनं हात वर करून आपल्या लोकांना गप्प केलं आणि कुजबुजत्या आवाजात म्हणाला, "सुनिए. यही है." पंधरा वीस माणसं पुतळ्यासारखी. आवाज हळूहळू खाली खाली उतरत गेला, घूंऽऽ चा घोंऽऽ झाला, घोंऽऽ चा कण्हल्यासारखा काहीतरी झाला, आणि एक शेवटचा हुंदका देऊन बंद पडला. एका बाईनं रामरक्षा म्हणायला सुरुवात केली, म्हणजे ती आपलीच, बहुतेक नाशिककडची.

बायको माझ्याकडं वळली. "पंखा बंद केला होतास?"

मी पळालो. चावी फिरवली, टक्. परत, टक्. मग टक् पण नाही. अडीच तास पंखा चालला होता आणि बॅटरी आधीच चार वर्षांची. पाच मिनिटांनी तो गाइड गाडीपाशी आला, स्विच बघितला, त्यावरचं 'पंखा' वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "भाईसाब, किसी को बताइएगा मत." मी शब्द दिला. हे लिहितोय म्हणजे मोडला, पण मराठीत आहे.

सहाला गेट बंद. चौकीदार घाई करत होता. धक्का मारायचा ठरला. मामा स्टिअरिंगवर, दुसरा गिअर, क्लच दाबून, चावी ऑन. मी, मेव्हणा, बायको आणि रामरक्षावाल्यांचे दोन काका मागं. गेटकडं थोडा उतार होता. वीस पावलं पळालो, मामांनी क्लच सोडला, गाडीनं आचका दिला आणि सुरू झाली.

आणि गेली.

मामा थांबलेच नाहीत. बॅटरी मेलेली, थांबले आणि इंजिन बंद पडलं तर परत धक्का, हे त्यांचं बरोबर. पण त्याहून खरं कारण त्यांनी नंतर सांगितलं, धक्का मारायच्या नादात मेव्हण्याची थाप पत्र्यावर दोनदा पडली होती, थांबायची एक थाप कोणी दिलीच नाही. डबल बेल झाल्यावर गाडी थांबवायची नाही. संध्याकाळच्या अंधारात आम्ही तिघं कुलधऱ्याच्या गेटमधून जीव खाऊन पळत बाहेर, माझी एक चप्पल मागं. समोरून उशिरा आलेली एक गाडी होती. त्यांनी आम्हाला बघितलं, काच वर केली आणि जागेवर यू टर्न मारला.

मामा डांबरी रस्त्यावर भेटले, पाऊण किलोमीटरवर, गाडी चालू ठेवून, दोन्ही दारं उघडी. म्हणाले, "कुठं राहिलावता?"

२५ ते २७ डिसेंबर

बॅटरी जैसलमेरमध्ये रात्रभर चार्जिंगला, १५० रुपये. स्विचची वायर काढून इग्निशनवरून घेतली, रिले १८० रुपये, काम वीस मिनिटांचं. हेच बाडमेरला केलं असतं तर एका गाइडचा धंदा वाढला नसता.

सकाळी खाभ्याला गेलो, तेही पालीवालांचं ओसाड गाव, वर छोटा किल्ला आणि खाली मोर. गर्दी कमी. मला कुलधऱ्यापेक्षा हे आवडलं. परतताना ५५ च्या वर गेलो नाही, दर ६० किलोमीटरला थांबून 'गाडी' कॅनमधून पाणी. एकदा अंधारात मेव्हण्यानं 'माणसं' ओतला आणि आम्ही वापीपर्यंत 'गाडी' प्यायलो, नंतर लक्षात आलं. कोणाला काही झालं नाही, दोन्ही एकाच नळाचे होते.

बोरघाट चढायला १ तास २५ मिनिटं, तीनदा थांबून. चढावर पंखा, सगळ्या खिडक्या उघड्या, डिसेंबरची रात्र, बायको ब्लँकेटमध्ये, आणि मामा प्रत्येक थांब्याला "दहा मिनिटं."

२९ डिसेंबर, रविवार

रेडिएटर काढला. रॉडिंगवाल्यानं तो उलटा केला तर पिवळा चिखल पडला, वास थेट वरणाचा. म्हणाला ह्याच्यात आता काही राहिलं नाही, नवीन टाका. ३,४०० बसवून. थर्मो स्विच ३५०.

हिशोब बायकोच्या वहीतून. एकूण २,६१० किलोमीटर, अॅव्हरेज १३.२. पेट्रोल १९,६००. खोल्या ९,२००, त्यातले निम्मे प्लाय मोडल्यामुळं. गाडीचं काम आधी आणि नंतरचं मिळून ८,९००. उंट ५००, ह्याच्यापुढं तिनं कंसात 'बसला' लिहिलंय. हळद ३८.

राहिलेली कामं: पायपंपाचा वॉशर. १२ एमएमचा नवीन प्लाय, ह्या वेळी माप मामा घेणार. सरकत्या दाराच्या पट्टीतली वाळू तीनदा काढली, तरी दार ओढलं की अजून चिमूटभर येतेच.